लहान विमान उतरवताना नेमकं बिनसतं कुठे? (आणि माझ्या तीन उड्या)

फोंडेकरीण · ६ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी फोंड्याची. गेल्या वर्षापासून घाटावर एका संस्थेत विमान चालवायला शिकतेय. सीपीएलला (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला) लागणाऱ्या २०० तासांपैकी ४१ झालेत. गेल्या महिन्यात माझं चौथं सोलो होतं. म्हणजे उजवी खुर्ची रिकामी, मी आणि सेसना १५२. सकाळचे साडेअकरा. तीन सर्किटं (उडायचं, फेरी मारून परत उतरायचं) करायची होती, पहिली दोन बरी झाली. तिसऱ्यांदा फायनलवर (पट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) आले तेव्हाच वेग ७२ नॉट होता. हवा होता ६०. म्हटलं, उतरेल की.

पट्टीवर आल्यावर विमान बसेचना. तरंगतंय, तरंगतंय. पट्टी संपत चालली असं वाटून मी योक (विमानाचं स्टिअरिंग) जरासा पुढे ढकलला. नोजव्हील (नाकाखालचं चाक) आधी टेकलं आणि विमान उडालं. घाबरून पुन्हा ढकलला. दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी. तिसऱ्याला खर्रर्र असा आवाज आला आणि इंजिन गप्प. नंतर पाच-सात सेकंद फक्त उपकरणांतले जायरो फिरल्याची घरघर ऐकू येत होती.

मला ओरखडासुद्धा नाही. खाली उतरून पाहिलं तर नोजव्हील वाकडं आणि पंख्याची टोकं केळीच्या कोवळ्या पानासारखी वळलेली. पंखा जमिनीला घासला की नुसता पंखा बदलून भागत नाही, अख्खं इंजिन उघडून तपासावं लागतं. त्यामुळे विमान हँगरात आणि मी घरी.

आईने मंगेशीला अभिषेक बोललाय. बाबा कदंब बसचे निवृत्त ड्रायव्हर, ते काही बोलतच नाहीत, ते जास्त लागतं.

जाणकारांना विचारायचंय: ह्या गोष्टी नेमक्या कशाने होतात? नशीब, हात, की सवय? आणि सवय असेल तर कुठली? इन्स्ट्रक्टरने सांगितलंय हो, पण तेव्हा मला काही ऐकू येत नव्हतं.

पावशेर · ६ जुलै, रात्री ९:२२

पहिला! (उत्तर माहीत नाही, जागा अडवून ठेवतोय.)

रातांबा · ६ जुलै, रात्री ९:३१

बाप रे. तुम्ही धड आहात हे महत्त्वाचं. लिहिलंय मात्र छान, केळीचं पान डोळ्यांसमोर आलं.

म्हापसेकर · ६ जुलै, रात्री ९:४८

भिवपाची गरज ना! पर्वरीच्या पुलावर स्कूटर चालवून जिवंत घरी येणारी माणसं आपण. विमान काय चीज आहे. ह. घ्या.

अर्धवट_अभियंता · ६ जुलै, रात्री १०:१५

विमानातलं कळत नाही, आकडेमोड कळते. ६० च्या जागी ७२ म्हणजे वेग २० टक्के जास्त. पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. १.२ गुणिले १.२, म्हणजे १.४४. तुमच्या विमानात ४४ टक्के ऊर्जा फाजील होती, आणि ती कुठेतरी खर्च व्हायलाच हवी होती. हवेत तरंगून नाही तर ब्रेकवर नाही तर नोजव्हीलवर. आकड्यात १२ किरकोळ दिसतो, तिथेच फसगत होते.

शंकासूर · ६ जुलै, रात्री १०:४०

आता सगळे मिळून मुलीच्या चुका मोजतील. मी उलट बाजूने विचारतो. विमान किती जुनं होतं? एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती? काही झालं की 'वैमानिकाची चूक' लिहून फाईल बंद करणं सर्वांना सोयीचं असतं. संस्था मोकळी, तपासणारे मोकळे. ४१ तासांच्या मुलीच्या हातात विमान देणारा कोण, ते कोणी विचारत नाही.

उजवी_सीट · ७ जुलै, सकाळी ६:०५

बारा वर्षं इन्स्ट्रक्टर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

शंकासूर, तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. माझा स्वतःचा नियम: नवख्याचं सोलो सकाळी साडेसहा ते आठ. साडेअकराला डांबर तापलेलं असतं, पट्टीवरून गरम हवा वर येते, आणि बसायला आलेलं विमान ती पुन्हा उचलून धरते. ताईंचं विमान तरंगत राहिलं त्यात १२ नॉटांचा वाटा मोठा, पण उन्हाचाही असणार. त्या वेळेला चौथं सोलो पाठवणं मला पटलं नाही.

आता ताईंचा प्रश्न. तुमची पहिली उडी पट्टीवर झालीच नाही, ती झाली फायनलवर, 'उतरेल की' म्हटलंत तेव्हा. पट्टीवर जे बिघडलेलं दिसतं त्याची सुरुवात दीड-दोन मिनिटं आधीची असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक हद्द आखून देतो: जमिनीपासून ३०० फुटांवर आलात की स्वतःशी मोठ्याने बोला. वेग बरोबर? पट्टीच्या मध्यरेषेवर आहे? उतार बरोबर? फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) लावलेत? एकाचंही उत्तर 'बहुतेक' आलं तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पूर्ण पुढे आणि परत वर, म्हणजेच गो-अराउंड. कारणमीमांसा हँगरात करू.

दुसरं, उडीबद्दल. विमान उडालं की नाक खाली दाबावंसं वाटतं, कारण जमीन खाली आहे आणि आपल्याला तिथे जायचंय. नेमकं तेच करायचं नाही. आधीच वेग कमी झालेला, त्यात नाक खाली, की नोजव्हील आधी आपटतं आणि पुढची उडी जास्त उंच जाते. विमान आणि तुम्ही एकमेकांच्या तालावर उलटे नाचायला लागता. बहुधा तिसऱ्या उडीत नोजव्हील जातं. तुमचंही तिसऱ्यालाच गेलं ना? पहिली उडी लहान असेल तर नाक आहे तिथे धरा, चिमूटभर पॉवर द्या, ते आपोआप बसेल. मोठी असेल तर गो-अराउंड.

तिसरं, डोळे. नवखा माणूस नाकासमोरच्या डांबराकडे बघतो. तिथे सगळं धूसर, धावतं. उंची कळतच नाही. फ्लेअरच्या वेळी (टेकण्याआधी नाक हळूच वर घेताना) नजर पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला टाकायची, मग जमीन कडेने वर येताना जाणवते. मोठ्या विमानतळाची ४५ मीटर रुंद पट्टी पाहिली की अरुंद पट्टीवर शिकलेल्याला आपण फारच खाली आलोय असं वाटतं, तो उंचावरच फ्लेअर करतो आणि विमान धपकन पडतं. तेही ह्याच डोळ्यांमुळे.

बाकी क्लासला जायचंय. दुपारी येतो.

कुळागर · ७ जुलै, सकाळी ७:३०

दंडवत घ्या. माशेलच्या बसस्टॉपवर उभ्याने वाचलं, बस गेली.

निवृत्त_नाविक · ७ जुलै, सकाळी ११:२०

मूळ मालवणचा, आता वास्कोत स्थायिक. ३० वर्षं नौदलात, त्यातली बरीच दाबोळीच्या हंसा ह्या नौदलाच्या तळावर. मी वैमानिक नव्हे, जमिनीवरचा माणूस. पण विमानं उतरताना इतकी पाहिलीत की आवाजावरून कळायचं, हा धड उतरणार की नाही.

उजवी_सीट म्हणतात ते परत वर जाणं, त्याला आमच्याकडे कोणी कमीपणा मानत नाही. कारण सांगतो. विमानवाहू नौकेवर उतरताना शेपटीचा आकडा डेकवरच्या आडव्या तारेत अडकावा लागतो. अडकेलच असं नाही. म्हणून चाक टेकल्याक्षणी वैमानिक इंजिनाची ताकद कमी करत नाही, पूर्ण वाढवतो. तार सापडली तर थांबला, नाही तर सरळ पुढे उडून गेला, फेरी मारून पुन्हा आला. म्हणजे प्रत्येक वेळी तो परत उडायच्या तयारीनेच उतरतो. हंसावर ह्याच सरावासाठी जमिनीवर डेकसारखी सोय केली आहे. नौदलाचं तेजस १३ सप्टेंबर २०१९ ला तिथेच पहिल्यांदा तारेवर थांबलं, आणि ११ जानेवारी २०२० ला विक्रमादित्य ह्या विमानवाहू नौकेवर उतरलं. मधल्या चार महिन्यांत किती वेळा सराव झाला असेल, हिशेब करा.

दुसरी एक सवय. सैन्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येकाला टॉवर विचारतो, चाकं खाली आणि लॉक आहेत ना? प्रवासी विमानालाही विचारतात. कित्येक वैमानिकांना त्याचं हसू येतं. येऊ दे. हजार वेळा हसून एकदा वाचला तरी फायदाच.

पावशेर · ७ जुलै, सकाळी ११:४१

काका, चाकं खाली करायला माणूस विसरतो? माणूस?

निवृत्त_नाविक · ७ जुलै, दुपारी १२:०२

तुम्ही गॅस बंद केला का बघायला घरातून अर्ध्या वाटेवरून परत आला नाहीत कधी?

पावशेर · ७ जुलै, दुपारी १२:०४

_शब्द मागे घेतो._

उजवी_सीट · ७ जुलै, दुपारी २:५०

नाविककाका, अगदी. १५२ ची चाकं पक्की असतात, पण पुढे जाऊन ती आत-बाहेर होणारं विमान उडवायचं असतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून डाउनविंडवर (पट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) म्हणवून घेतो: पेट्रोल, चाकं, मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण), पट्टे. चाकं हलत नसली तरी म्हणायचं. ह्यात बहुतेक वेळा घात होतो तो मध्येच कोणी बोलल्यामुळे. टॉवरने काही विचारलं, उत्तर दिलं, आणि यादी जिथे तुटली त्याच्या पुढून सुरू केली. तुटली की पहिल्यापासून म्हणायची. आरती म्हणताना कडवं चुकलं की कसं सगळेच गडबडतात, तसं.

शंकासूर · ७ जुलै, दुपारी ३:१५

सकाळच्या प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. पण मग गो-अराउंड इतका सोपा असेल तर लोक करत का नाहीत? इथेच बिनसतंय असं वाटतं. मंगळूरचं उदाहरण आपल्या शेजारचंच. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं विमान पट्टी ओलांडून दरीत गेलं. पट्टी ८,०३३ फुटांची, चाकं टेकली साधारण ५,२०० फुटांवर. सहवैमानिक गो-अराउंड करा म्हणत होता, कॅप्टनने ऐकलं नाही. १५८ माणसं गेली. ते काही ४१ तासांचे नव्हते, हजारो तासांचे होते. तेव्हा सवय-बिवय सगळं ठीक, अहंकाराचं काय?

रातांबा · ७ जुलै, दुपारी ३:४०

हे वाचून थांबले. इथल्याही काही घरांतली माणसं आखातात असतात, त्या दिवशी सगळीकडे फोन फिरले होते.

उजवी_सीट · ७ जुलै, रात्री ८:३०

शंकासूर, बरोबर जागी बोट ठेवलंत. लोक करत नाहीत त्याची कारणं माझ्या अनुभवात तीन-चार आहेत, आणि अहंकार त्यातला एकच.

नवख्यांना वाटतं की परत वर गेलो म्हणजे नापास झालो. हँगरसमोर पोरं उभी असतात, हसतील. जुन्यांना घरी जायची घाई. पण सगळ्यांत मोठं कारण म्हणजे सरावच नसतो. उतरण्याचा सराव शेकडो वेळा, परत जाण्याचा पाच-सहा वेळा, तोही 'आता आपण गो-अराउंड करू' असं आधी सांगून. मग ऐन वेळी हाताला ती वाट सापडतच नाही.

आणि ते तितकं सोपंही नाही, हे मात्र सांगायला हवं. उतरायला आलेल्या विमानाचं ट्रिम (नाकाचा कल टिकवणारी सोय) नाक वर धरणारं असतं, फ्लॅप पूर्ण खाली. थ्रॉटल एकदम पुढे केला की नाक आपसूक वर उसळतं आणि विमान डावीकडे ओढतं. नाक न दाबता बसलात तर वेग पडतो आणि पंख हवा सोडतात, म्हणजे विमानाला उचलून धरत नाहीत. म्हणून: थ्रॉटल पूर्ण, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला जाणारी गरम हवा) बंद, नाक दाबून धरा, उजवा रडर (शेपटीची उभी पाती वळवणारं पायडल), फ्लॅप ३० वरून २० वर, वेग ५५ झाला की मग बाकीचे हळूहळू. एकदम सगळे फ्लॅप काढले तर विमान खाली बसतं. हे पुस्तकात सहा ओळींत आहे. हाताला यायला महिना लागतो.

अजून एक लिहितो, कारण ताईंनी विचारलं नसलं तरी सगळ्यांत जीवघेणं तेच. उड्या मारून विमान मोडतं, माणूस सहसा वाचतो. माणूस जातो तो बेसवरून (फायनलच्या आधीच्या, पट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला वळताना. वळण उशिरा घेतलं, पट्टीची रेषा पुढे निघून गेली. आता जास्त कलायला भीती वाटते म्हणून माणूस पायाने रडर दाबून नाक वळवतो, नाक खाली जातं, तो योक ओढतो. ४०० फुटांवर एक पंख हवा सोडतो आणि विमान उलटं गरगरतं. सावरायला उंचीच नसते. ४५ अंश कललात तर ज्या वेगाला पंख हवा सोडतात तो १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. सर्किटमध्ये ३० अंशांच्या वर कलायचं नाही. रेषा हुकली? हुकू दे. सरळ वर जा, पुन्हा ये.

म्हापसेकर · ७ जुलै, रात्री ८:५५

हे म्हणजे पणजीच्या सर्कलवर चुकीचा फाटा घेतल्यावर जागच्या जागी यू-टर्न मारणाऱ्यांसारखं. अजून एक गोल फेरी मारा की बाबांनो.

मांडवीचो_तांडेल · ७ जुलै, रात्री ९:३०

मी विमानात एकदाच बसलो, मुंबईला, कोविडच्या आधी. पण हे परत फिरणं मला कळतं. आमची होडी पूर्वी बेतूलला असायची, साळ नदीच्या तोंडाशी. तिथे रेतीचा बार आहे. बाहेरून येताना मागून लाट येते, आणि लाटेच्या पुढ्यात सापडलं की होडी आडवी होऊन पालथी पडते. म्हणून बाहेर थांबून लाटा मोजायच्या. मोठ्या गेल्या की लाटेच्या पाठीवर बसून आत यायचं. जमत नसेल तर तोंड फिरवून परत दर्यात, तासभर थांब. मासे खराब होतात, मालक शिव्या देतो. देऊ दे.

पण आमचं एक आहे. फिरायचं ते बारच्या बाहेरच. एकदा फुटणाऱ्या लाटेत शिरलास की मग फिरता येत नाही, फिरलास तर मेलास. विमानाला तसं असतं का?

उजवी_सीट · ७ जुलै, रात्री १०:१०

तांडेलभाऊ, वर्गात हेच उदाहरण देणार, आधीच सांगून ठेवतो.

हो, असतं. आखूड पट्टी, पुढे डोंगर किंवा झाडं, तिथे एका ठरावीक जागेनंतर वर जाणं उतरण्यापेक्षा धोक्याचं. चाकं टेकून ब्रेक लागल्यावरही तेच. ती जागा उडण्याआधी नकाशावर ठरवायची. मोठ्या पट्टीवर मात्र चाक टेकेपर्यंत, कधी टेकल्यावरसुद्धा, वाट उघडी असते. ताईंची पट्टी किती लांब होती?

फोंडेकरीण · ७ जुलै, रात्री १०:४०

जवळजवळ अडीच किलोमीटर. मी थांबले तेव्हा निम्मीसुद्धा संपली नव्हती. मला मात्र ती संपल्यासारखी दिसत होती.

साडेअकराचं सांगायचं तर त्या दिवशी दोनच विमानं चालू होती, माझा नंबर साडेसातचा होता तो घसरत घसरत तिथे आला. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण नंबर गेला की आठवडा जातो.

शंकासूर · ७ जुलै, रात्री १०:५२

हेच म्हणत होतो. नंबर गेला की आठवडा जातो. ही ओळ कुठल्या अहवालात येणार नाही.

कुळागर · ८ जुलै, सकाळी ८:००

पावसात कसं करतात? आमच्या इथे काल रात्रीपासून धो धो चाललंय, आणि विमानं आपली येताहेत मोपाला.

अर्धवट_अभियंता · ८ जुलै, सकाळी ९:१०

हे माझ्या आवडीचं. साचलेल्या पाण्यावर टायर जमिनीपासून सुटून तरंगायला लागतो, मग ब्रेक दाबा नाही तर भजन करा. तो वेग काढायचं ठोकळ सूत्र आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९. दाब ३६ पौंड असेल तर वर्गमूळ ६, म्हणजे ५४ नॉट. म्हणजे लहान विमान ज्या वेगाने टेकतं, त्याच्या आसपासच. मोठ्या विमानाचा दाब भरपूर, म्हणून त्याला हे फार वरच्या वेगाला होतं. लहान गाडी लवकर घसरते, ती अशी.

उजवी_सीट · ८ जुलै, सकाळी ९:४५

सूत्र बरोबर. म्हणून ओल्या पट्टीवर वेग नेमका हवा आणि ब्रेक हलका. शिवाय वारा. पावसाळ्यात गोव्याला वारा नैर्ऋत्येचा. दाबोळीची पट्टी साधारण पूर्व-पश्चिम, २६० अंश. समजा वारा २३० अंशांवरून २० नॉट. फरक ३० अंश, म्हणजे निम्मा वारा आडवा: १० नॉट. १५२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा १२ दिलाय. हे पट्टीवर आल्यावर कळून उपयोग नाही, खाली खुर्चीत बसून काढायचं.

आणि पाठीमागून वारा असेल तर उतरूच नका. सेसनाचं पुस्तक म्हणतं, मागून दर २ नॉटांमागे १० टक्के जास्त पट्टी लागते. समोरून मात्र १० टक्के वाचवायला ९ नॉट लागतात. देताना कंजूष, घेताना सावकार.

पावशेर · ८ जुलै, सकाळी १०:००

'देताना कंजूष, घेताना सावकार'. मोपाच्या टॅक्सीबद्दल बोलताय का?

म्हापसेकर · ८ जुलै, सकाळी १०:०३

धागा हायजॅक होणार आता. टॅक्सी शब्द आला.

रातांबा · ८ जुलै, सकाळी १०:३०

टॅक्सी नको, कुत्र्याचं बोला! नोव्हेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या पट्टीवर कुत्रा आला म्हणून बंगळुरूहून आलेलं विमान न उतरता परत बंगळुरूला गेलं होतं. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो. हा धागा वाचून वाटतंय, त्या कॅप्टनने बरोबरच केलं.

उजवी_सीट · ८ जुलै, सकाळी ११:१५

शंभर टक्के.

अजून एक साधी गोष्ट. पट्टीवरची एखादी खूण निवडा, आकडा किंवा पांढरा पट्टा. समोरच्या काचेवर ती खूण कुठे सरकते ते बघा. वर सरकली तर तुम्ही अलीकडे पडणार, खाली सरकली तर पलीकडे जाणार. काचेवर माशी बसल्यासारखी एका जागी राहिली तर तिथेच पोचणार. मोठ्या विमानतळावर शेजारी उतार बरोबर आहे का ते दाखवणारे 'पापी' (PAPI) दिवे असतात, दोन लाल दोन पांढरे म्हणजे ठीक. चार लाल म्हणजे फार खाली, चार पांढरे म्हणजे फार वर. पण लहान पट्टीवर पापी नसतो, माशीच हवी.

पावशेर · ८ जुलै, सकाळी ११:२०

चार लाल दिसले की वैमानिक पापी, समजलं.

निवृत्त_नाविक · ८ जुलै, संध्याकाळी ५:४०

अवांतर, पण वेळ असेल तर बोगमाळ्याच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय बघून या. तिथे एचटी-२ आहे, विष्णू माधव घाटग्यांनी रचलेलं, १९५१ सालचं. आपल्याकडच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे त्यावर घेतले. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली. उतरताना नाक जरा तिरकं राहिलं की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान स्वतःभोवती गर्रकन फिरतं. त्यावर शिकलेल्यांचे पाय मरेपर्यंत जागे राहतात. विमान उभं करून खुंटीला बांधेपर्यंत रडरवरचा पाय काढायचा नाही, असं एक जुने साहेब सांगत.

तिथेच सीलँड पण आहे, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं. त्याची गंमत उलटी. जमिनीवर चाकं विसरलात तर पोट घासतं. पाण्यावर चाकं उघडी राहिली तर विमान कोलांटी खातं. पावशेर, तुमच्या गॅससारखंच, फक्त एका घरी बंद करायचा आणि दुसऱ्या घरी चालू.

पावशेर · ८ जुलै, संध्याकाळी ५:४४

काका माझा पिच्छा सोडत नाहीत.

फोंडेकरीण · ९ जुलै, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बाबांना जेवणानंतर अख्खा धागा वाचून दाखवला. तांडेलभाऊंचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

वाचून झाल्यावर महिन्याभरात पहिल्यांदा ते ह्या विषयावर बोलले. म्हणाले, अनमोड घाटात गाडी खाली घालताना गियर वर टोकावरच टाकायचा असतो. उतारावर लागल्यावर, वेग वाढला, ब्रेक तापले, आणि मग गियर शोधायला गेलास तर मिळत नाही. नवे ड्रायव्हर तिथेच चुकतात, त्यांना वाटतं वळण आलं की बघू. मग जरा थांबून विचारलं, तुला वरती कळलं होतं ना वेग जास्त आहे?

मी म्हटलं, हो.

मग?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उठून सुपारी कातरायला गेले ते.

चोर्लाघाट · ९ जुलै, रात्री ९:२५

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. ब्रेक तापल्याचा वास ज्याला माहीत आहे त्यालाच हे कळेल.

शंकासूर · ९ जुलै, रात्री ९:५०

मी माझं सगळं मागे घेत नाही. पण बाबांचं 'मग?' हे माझ्या चार प्रतिसादांपेक्षा भारी आहे.

उजवी_सीट · १० जुलै, सकाळी ६:२०

ताई, परत गेल्यावर इन्स्ट्रक्टरला एक मागा. एक तास असा, ज्यात दहा वेळा फायनलवर यायचं आणि एकदाही उतरायचं नाही. कधी ३०० फुटांवरून परत, कधी ५० वरून, कधी फ्लेअरमधून. आणि कुठून ते त्यांनी आयत्या वेळी सांगायचं. आणि नंबर उशिराचा आला तर नाही म्हणा. आठवडा गेला तर जाऊ दे.

फोंडेकरीण · १९ ऑगस्ट, रात्री ८:१५

धागा वर काढतेय.

१ तारखेला परत आले. तो तास मागितला. सर आधी हसले, मग दिला. नऊ झाले, दहाव्याला ढग आले. सहाव्या वेळी फ्लेअरमधून परत जाताना नाक इतकं उसळलं की दोन्ही हातांनी दाबलं. ते उजवी_सीट यांनी लिहिलं होतं म्हणून दचकले नाही. नाही तर तिथे दुसरा धागा निघाला असता.

आज सोलो होतं. सकाळी पावणेसात. पहिल्या फेरीत ३०० फुटांवर वेग ६८. मोठ्याने म्हटलं, बहुतेक. आणि वर गेले. हँगरसमोर चार पोरं उभी होती, हसली की नाही बघितलं नाही. दुसऱ्या फेरीत ६१. बसलं. एकदाच.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, जेवलीस?

रातांबा · १९ ऑगस्ट, रात्री ८:३०

अभिनंदन गो! आईचा अभिषेक फळला.

मांडवीचो_तांडेल · १९ ऑगस्ट, रात्री ९:०५

बरें जालें. आमची पण मासेमारीची बंदी उठली, आम्ही पण दर्यात. सुट्टीला आलीस की मालीम जेटीवर ये, बांगडे देतो.

निवृत्त_नाविक · १९ ऑगस्ट, रात्री ९:२०

शाबास. दोन्ही फेऱ्यांसाठी.

गावठी_अंडं · २३ ऑगस्ट, दुपारी १:१०

हा धागा आत्ता पाहिला, मस्त आहे. फक्त एक शंका, विमानतळावर पापी कशाला ठेवतात?

पावशेर · २३ ऑगस्ट, दुपारी १:१२

लाल दिसले की सांगतो.